फ्रेमला भोकं नाहीत, मग पाणी न्यायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या सायकलस्वारांसाठी आलेला लेख वाचला. टायरमधली हवा, सीटची उंची, हेल्मेटचा पट्टा याबद्दलचं सगळं पटलं. पाण्यापाशी येऊन मात्र लेखकाला घाई झालेली दिसली. ‘बाटलीचा पिंजरा घ्या, फ्रेमवरच्या दोन स्क्रूंनी आवळा, पाच मिनिटांचं काम’ एवढ्यावर विषय संपला. (पिंजरा म्हणजे फ्रेमवर बाटली धरून ठेवणारी चौकट.) ज्यांच्या फ्रेमवर ते दोन स्क्रूच नाहीत, त्यांनी काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं. ते सांगण्यासाठी हे पत्र. लांबलं आहे, पण काटछाट करायचीच तर कृपया माझ्या तक्रारी कापाव्यात, मापं कापू नयेत.

मी शिवणकाम करते. शिवून झालेले कपडे, पिशव्या, अभ्रे पोहोचवायला सायकल वापरते. सायकल उतरत्या दांडीची, म्हणजे पाय वर न टाकता बसता येईल अशी. मागच्या कॅरिअरवर कपड्यांचा गठ्ठा असतो, पुढच्या टोपलीत सुट्या ऑर्डरी. लोकांच्या नव्या कपड्यांशेजारी ओली बाटली ठेवायची माझी तयारी नाही. तेव्हा ‘टोपलीत टाका की’ हा सल्ला मला देऊ नये. रिकाम्या टोपलीतही बाटली उभी राहत नाही. ती आडवी पडते, गडगडते, आणि झाकण थोडं सैल असलं की गळते.

अशी मी एकटी नाही. घडीच्या सायकली, लहान मुलांच्या सायकली, जुन्या जड लोखंडी सायकली, यांतल्या पुष्कळ फ्रेमना पिंजऱ्यासाठी आटे पाडलेली भोकं नसतात. डोंगरात चालवायच्या सायकलींत कधी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात शॉक, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, बसवलेला असतो, आणि पिंजऱ्याची जागा त्यानेच घेतलेली असते. बुटक्या माणसासाठी केलेल्या फ्रेममध्ये भोकं असली तरी त्रिकोण इतका आखूड असतो की मोठी बाटली वर ओढून काढताच येत नाही. लांबच्या प्रवासाला जाणारे त्या त्रिकोणात सामानाची पिशवी बांधतात, तेव्हाही पिंजरा हटतोच.

मुळात हा पिंजरा शर्यतीच्या सायकलीचा. दुसऱ्या महायुद्धाआधीची शर्यतींची छायाचित्रं पाहिली तर बाटल्या हँडलसमोर दिसतात, बऱ्याचदा दोन शेजारी शेजारी. पुढे त्या फ्रेमच्या नळीवर उतरल्या, तेव्हाही पिंजरा नळीभोवतीच्या धातूच्या पट्टीने आवळलेला असे. १९७० च्या दशकातल्या कित्येक चांगल्या शर्यती सायकलींवरही अशा पट्ट्या दिसतात. नळीतच आटे बसवून देण्याची रीत त्यानंतर सार्वत्रिक झाली: ५ मि.मी.चे दोन बोल्ट, एकमेकांपासून ६४ मि.मी.वर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या नियमांत बाटलीची जागाही ठरवून दिलेली आहे. खालची तिरकी नळी आणि सीटखालची नळी, त्याही फक्त त्रिकोणाच्या आतल्या बाजूने. बाटलीची जाडी ४ ते १० सें.मी. आणि तिच्यात ४०० ते ८०० मि.ली. पाणी मावलं पाहिजे. शर्यतीत वाऱ्याचा फायदा उपटण्यासाठी कोणी चित्रविचित्र आकाराच्या बाटल्या लावू नयेत म्हणून असे नियम लागतात. मला शर्यत लावायची नाही. अभ्रे पोहोचवायचेत. त्यामुळे बाटली माझ्या हाताला जिथे सापडेल तिथे लावायला मी मोकळी आहे, आणि आपले बहुतेक वाचकही मोकळे आहेत.

हे मोकळेपण वापरण्याआधी पाण्याचं वजन ध्यानात घ्यावं लागतं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, वर बाटलीचं वजन वेगळं. हा किलो कुठे बसवता यावर सायकल कशी वागेल ते ठरतं. हँडलवरची वस्तू हँडलबरोबर वळते. ती मधल्या खुंटाला, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याला, चिकटून असली तर फारसं जाणवत नाही, टोकाकडे असली तर हात जड होतात. हे गणित सरळ दुपटीचं नाही. वळणाच्या आसापासूनचं अंतर दुप्पट केलं की तीच बाटली वळवायला चौपट जड जाते. वेगात असताना हे एक वेळ लपतं. गर्दीत रांगत चालवताना, हँडल सारखं इकडेतिकडे करावं लागतं तेव्हा लगेच कळतं.

आता उपाय. सगळ्यांत सोपा उपाय जुनाच आहे: पिंजरा ठेवायचा, पण भोकांशिवाय. नळीभोवती आवळायच्या पट्ट्या मिळतात, किंवा पाण्याच्या पाइपवर वापरतात तसल्या स्टीलच्या स्क्रूच्या क्लिपांनीही पिंजरा बसतो. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे रंग खरवडत नाही आणि पट्टी सरकत नाही. ब्रेकची किंवा गिअरची केबल पट्टीखाली दाबली जात नाही ना, हे आवळण्याआधी पाहावं. क्लिपेचं उरलेलं टोक कापून त्याची धार घासावी, नाही तर पोटरी सोलून निघते. कार्बनच्या फ्रेमवर स्टीलची क्लिप मुळीच लावू नये. कार्बनची नळी लांबीच्या दिशेने दणकट असते, पण एका जागी चिमटली तर तडकू शकते, आणि तडा नेहमी वरून दिसतोच असं नाही.

काही जण फ्रेमला नवीन भोक पाडून त्यात रिव्हेट नट, म्हणजे भोकात दाबून पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवायला सांगतात. धातूच्या जाड नळीत हे होतं. पण हलक्या सायकलींच्या नळ्या दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढलेल्या असतात, आणि आपण भोक पाडणार नेमकं मध्ये. आधी फ्रेम जाणणाऱ्याला दाखवावं. मी माझ्या सायकलीला ड्रिल लावू दिलेलं नाही.

माझी पसंती कापडी खोळीला. हँडल आणि मधला खुंट यांच्या बेचक्यात उभी बसणारी, तोंड वर असलेली गोल पिशवी. लांब पल्ल्याचे सायकलस्वार तिला स्टेम बॅग म्हणतात आणि तयारही मिळते. पण जिच्याकडे मशीन आहे तिने विकत का घ्यावी, हे मला समजत नाही. शिवायला अवघड नाही, आणि तयार पिशव्यांत मला ज्या उणिवा दिसतात त्या घरी टाळता येतात.

सायकलच्या नेहमीच्या बाटलीचा व्यास ७३-७४ मि.मी. असतो, म्हणजे घेर साधारण २३ सें.मी. आतला घेर २५ सें.मी. ठेवला तर बाटली एका हाताने आत-बाहेर होते आणि खडखडतही नाही. आत अर्धा सें.मी. जाडीचा फोम घातला तर बाहेरच्या कापडाचा घेर २८ होतो. दोन्ही बाजूंना दीड-दीड सें.मी. शिवण धरून कापड ३१ सें.मी. रुंद कापावं. तयार पिशवीची खोली १६ ते १८ सें.मी. पुरे. बाटलीची मान बाहेर राहिली पाहिजे, कारण धरायची ती तिथे. त्याहून खोल केली तर बोटं आत घालून बाटली उपसावी लागते. मग नजर खाली जाते, आणि चालत्या सायकलवर नेमकं तेच नको असतं.

तळ गोल कापावा आणि त्यात प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापलेली चकती घालावी, नाही तर पाण्याच्या वजनाने तळ ओघळतो आणि पिशवी ब्रेकच्या केबलवर टेकते. तळाच्या मधोमध एक आयलेट, म्हणजे भोकाची धातूची कडी, ठोकावं. पावसाचं, सांडलेलं पाणी तिथून निघून जातं. मी पाहिलेल्या काही तयार पिशव्यांना हे भोकच नव्हतं. शिवणाऱ्याने ती पावसात वापरून पाहिली नसणार.

कापड जाड कॅनव्हास किंवा नायलॉनचं. दोन पदर आणि पट्टा एकत्र शिवायचा असल्याने सुई १०० नंबरची, म्हणजे जुन्या हिशेबाने १६ ची लावावी; फारच जाड झालं तर ११०, म्हणजे १८ ची. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा सारखा ओला-सुका झाला की कुजतो आणि भार असलेल्या ठिकाणी आधी सुटतो. पट्टे २५ मि.मी. रुंदीचे. जोडताना एकेरी टीप मारून भागत नाही. चौकोन शिवून त्यात आडवीतिडवी फुली मारावी, म्हणजे ओढ एकाच रेषेवर येत नाही.

पट्टे तीन. एक हँडलला, एक खुंटाला, आणि तिसरा खाली, चिमट्याच्या (म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फाट्याच्या) डोक्याला किंवा फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला. तिसरा लोक गाळतात आणि मग पिशवी लंबकासारखी झुलते म्हणून कुरकुरतात. तो बांधताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावं. चिमट्याला बांधला तर तो हँडलबरोबर फिरतो, ते चांगलं. फ्रेमच्या नळीला बांधला तर वळताना ताण येतो, म्हणून तिथे थोडं इलॅस्टिक द्यावं. वेल्क्रोचं टोक उघडायची दिशा गुडघ्यापासून दूर असावी. पायडलवर उभं राहून चढ चढताना गुडघा पिशवीला घासतो, आणि टोक त्या बाजूला असेल तर दर फेऱ्याला थोडं थोडं उकलत जातं. ज्यांचा गुडघा फारच लागतो त्यांनी पिशवी खुंटाच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहावी. पुष्कळांची पायडल मारायची ढब दोन्ही पायांनी अगदी सारखी नसते.

फोमबद्दल एक गोष्ट. गार पाणी गार ठेवायचं असेल तर फोम हवा. पण हवा कोरडी असेल तर फोम न घालता सुती कॅनव्हासची एकपदरी पिशवी करून ती बाहेरून भिजवणं जास्त चांगलं. ओल उडताना बाटलीतली उष्णता घेऊन जाते, आणि सायकल चालत असल्याने वारा आपोआप लागतो. दोन्ही एकत्र करू नये. फोम मध्ये आला की बाहेरच्या ओलीचा आतल्या पाण्याला काहीच उपयोग नाही. दमट हवेत ओल फारशी उडत नाही, तिथे फोमच बरा.

खोळीचा आणखी एक फायदा म्हणजे तिला खास बाटली लागत नाही. घरातली कुठलीही, त्या घेरात बसणारी चालते. तोंडाला नाडी आणि दाबायची खिट्टी लावली तर बारीक बाटलीही घट्ट राहते. शिवाय ती चाकापासून उंचावर असते. खालच्या नळीच्या पोटाला बाटली लावली तर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिच्या तोंडावर येतो, आणि रस्त्यावरच्या चिखलात काय काय असतं ते सांगायला नको. तिथे लावायचीच तर तोंडावर झाकण असलेली बाटली घ्यावी.

पिंजरा न वापरणारी एक नव्या पद्धतीची सोय आहे, तिचाही उल्लेख करते. जर्मनीच्या फिडलॉक कंपनीने चुंबकाची जोडणी काढली आहे. बाटलीच्या पाठीवर एक चकती, फ्रेमवर एक चकती. चुंबक बाटलीला जागेवर ओढून घेतो, पण धरून ठेवायचं काम खाचा करतात. काढताना बाटली थोडी पिळायची, की सुटते. वर ओढावी लागत नसल्याने आखूड फ्रेमच्या लोकांना ही खरोखर उपयोगी आहे. भोकं नसलेल्या नळीवर पट्ट्यांनी बांधायचा तळही त्यांच्याकडे मिळतो. माझा आक्षेप एवढाच की चकतीशिवायची बाटली त्यावर राहत नाही. बाटली कुठे विसरली की उरतं ते नळीवरचं एक बटण.

चिमट्याच्या दोन्ही पायांना बाटल्या बांधायची पद्धत लांबच्या प्रवासात रूढ झाली आहे. काही चिमट्यांना त्यासाठी प्रत्येक बाजूला तीन-तीन आटे असतात. नसतील तर लोक पॉलियुरेथेनचे ताणणारे पट्टे वापरतात. हे पट्टे मुळात स्की एकत्र बांधायला वापरत. वजन खाली येतं, दोन्ही बाजूंना समान वाटलं तर सायकल सरळ चालते, आणि लिटरच्या बाटल्याही नेता येतात. पण चालवताना तिथून पिता येत नाही, तो नुसता साठा. आणि या जागेबद्दल मी फार कडक आहे. बांधणी सैल झाली तर पट्टा किंवा बाटली पुढच्या चाकाच्या तारांत जाते. मागचं चाक अडलं तर सायकल घसटत थांबते. पुढचं अडलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून प्रत्येक बाटलीला दोन पट्टे, बक्कल बाहेरच्या बाजूला, उरलेलं टोक आत खोचलेलं. निघाल्यावर पहिल्या थांब्याला उतरून हाताने ओढून पाहावं. शॉकच्या चिमट्यावर बांधायचं असेल तर बनवणाऱ्याने परवानगी दिली आहे का ते आधी वाचावं, आणि वर-खाली होणाऱ्या भागांच्या मध्ये पट्टा येऊ देऊ नये.

सीटच्या मागे बाटल्या लावायची तऱ्हा ट्रायथलॉनवाल्यांची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत करणाऱ्यांची. तिथे शरीराच्या आडोशाला वारा कमी लागतो. खडबडीत रस्त्यावर मात्र तिथून बाटली उसळून मागे पडते, आणि पडलेली आपल्याला कळतही नाही. मागून येणाऱ्याला कळते.

पाठीवरची पाण्याची पिशवी हा वेगळाच मार्ग, आणि तिची कुळकथा मला आवडते. १९८९ मध्ये टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स इथल्या शंभर मैलांच्या सायकलफेरीत मायकल आयडसन हा रुग्णवाहिकेवर काम करणारा माणूस उतरला होता. ऐन उन्हाळ्यातली ही फेरी. तिच्या ‘हॉटर’न हेल हंड्रेड’ या नावातच उकाडा आहे. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात घातली, तो मोजा जर्सीच्या पाठीला शिवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवली. त्यातूनच कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. शिवणारीच्या नजरेने पाहिलं तर यात नवं काहीच नव्हतं. हाताशी असलेल्या चार वस्तू आणि टाके. आज दीड, दोन, तीन लिटरच्या अशा पिशव्या मिळतात. हँडलवरून हात न काढता पिता येतं, म्हणून खडकाळ उतारावर याला तोड नाही. पण तीन लिटर म्हणजे तीन किलो, ते पाठीवर. पाठ घामाने निथळते आणि बसण्याच्या हाडांवर दाब वाढतो. किती प्यायलो ते दिसत नाही आणि पाणी एकदम संपतं. नळी आणि चावायची तोटी रोज धुऊन उघडी वाळवली नाही तर आत बुरशी धरते. नुसतं पाणी भरणाऱ्यांकडूनही याचा कंटाळा होतो, साखरेचं सरबत भरणाऱ्यांचं तर विचारूच नका. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांसाठी मी ती पाठीवर घेणार नाही.

आता तक्रार. उतरत्या दांडीच्या फ्रेमला आटे न देण्याचं कारण मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. खालची तिरकी नळी त्या फ्रेमलाही असते. दोन बोल्टपुरती जागाही असते. त्याच बनवणाऱ्यांच्या सरळ दांडीच्या सायकलींना आटे असतात, म्हणजे यंत्र आहे, माणूस आहे, फक्त ही सायकल चालवणाऱ्याला वाटेत तहान लागेल असं कोणाला वाटत नाही. ही सायकल घेणारे बहुतेक बायका, वयस्कर माणसं, गुडघे दुखणारे, सामान पोहोचवणारे. यांना पाणी नको? सायकल घेताना गिअर किती, रंग कुठला हे विचारतो, तसंच बाटलीसाठी आटे आहेत का हेही गिऱ्हाइकांनी दुकानात विचारावं. पुरेशा लोकांनी विचारलं तर दुकानदार वर कळवतीलच.

शेवटी त्या लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. त्यातल्या मुलीच्या सायकलला पिंजरा नाही, आणि तिची बाटली हँडलच्या उजव्या टोकाला लटकवलेल्या पिशवीत आहे. लेखात पिंजऱ्याचा सल्ला आणि शेजारी हे चित्र! अशी पिशवी वळताना चाकाकडे झुलते, तिचे बंद ब्रेकच्या दांड्यावर येतात आणि ऐन वेळी बोटं ब्रेकऐवजी कापड आवळतात. हे छायाचित्र पुन्हा कुठे वापरू नये, ही विनंती. त्याऐवजी चित्र हवं असेल तर वरच्या मापांची पिशवी तीन पट्ट्यांनी बांधलेली मी दाखवायला तयार आहे. कापडाच्या कापणीचा कागदही सोबत देईन. तो छापायला पाव पान लागेल.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक